देवाच्या कराराचा कागद

त्या सकाळी मी खंडोबाच्या देवळात भांडायला गेले होते, पाया पडायला नाही. भंडारासुद्धा नेला नव्हता. निजामी अमलाचे ते अखेरचे दिवस. इंग्रजी मुलखातून आलेला जो तो चळवळ्याच, असं कचेरीला वाटू लागलं होतं. माझे मालक सोलापूरकडचे. सतराव्या वर्षी अणदूरला आले, आधी एका आडतीवर लिहिण्याचं काम केलं, मग गावच्या शाळेत मास्तर झाले. आमचं लग्न इथंच झालं, दोन्ही मुली इथंच जन्मल्या. पण मुल्की दाखला, म्हणजे इथलेच रहिवासी असल्याचा सरकारी कागद, त्यांच्याकडे नव्हता. आठ दिवसांत पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणा, नाहीतर सरहद्दीपार व्हा, असा हुकूम आला.

मी जन्मानंच मुल्की. म्हणून पदर खोचून मीच कचेरीत गेले. तिथला कारकून, पेशकार, गालातल्या गालात हसला.

"नवऱ्यामुळं बायको मुल्की व्हते, बाई. बायकोमुळं नवरा व्हत न्हाय."

"म्हंजी म्या माझ्याच गावातनं बाहीर पडायचं?"

"तुमची मर्जी," म्हणून त्यानं पुढचा कागद ओढला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आडतीचे शेटजी वारलेले, त्यांच्या वह्या कधीच रद्दीत गेलेल्या. पुरावा आणायचा कुठून? आणि हे तर "देवाच्या मनात असंल ते हुईल" म्हणत मुलींचे कपडे ट्रंकेत भरायला लागले होते. पेशकारापेक्षा मला त्या शांतपणाचाच जास्त राग आला.

आमचा खंडोबा दोन गावांचा. वर्षातले दहाएक महिने अणदूरला राहतो आणि उरलेले दिवस नळदुर्गला. गाभाऱ्यापुढं उभी राहून मी त्याला सरळ विचारलं, "तू दरसाल गाव बदलतोस, तुला कुणी परका म्हणत न्हाय. मग माझ्या मालकानं तुझं काय घोडं मारलंय?" हात जोडले नाहीत. उत्तराची वाटही पाहिली नाही, तशीच तरातरा बाहेर आले.

बाहेर आवारात म्हातारे गुरव जुने कागद उन्हात पसरून त्यांवर खडे ठेवत बसले होते. देव हलायच्या आधी दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात, देव कधी जाणार, कधी परतणार, त्याचे ते कागद. "पेटीला वाळवी लागली, पोरी," गुरव म्हणाले. "दरसाल वरनं कागद ठिवायचा आन् झाकायची. कैक वर्सांत तळापातुर उपसली नव्हती, आज सकाळी सहज उपसली." मी खाली पाहिलं. मला मोडी वाचता येत नाही, पण आमच्या मालकांचं अक्षर मी हजारांत ओळखीन. हे दरसाल करार लिहायला जातात हे मला ठाऊक होतं. पण त्याचा कधी विचारच केला नव्हता.

"शेवटी काय लिवलंय, तेवढं वाचा की," मी म्हणाले. लिहिणाऱ्याचं नाव, मूळ गाव, आणि पुढे 'हल्ली मुक्काम अणदूर'. गुरव एकेक कागद उचलून वाचत गेले. असे सोळा निघाले, सोळा वर्षांचे. प्रत्येकावर दोन्ही गावच्या पाटलांच्या सह्या. मी तिथंच ओक्साबोक्शी रडले.

घरी आल्यावर मालक अडून बसले. हे कागद त्यांना आठवत नव्हते असं नाही. "देवाची सेवा कचेरीत दाखवायची? तिचा मोबदला मागायचा?"

"मोबदला न्हाय, साक्ष मागतीया. सोळा वर्सं तुमी त्याचं लिवलं, एक दिस त्यो तुमच्या बाजूनं बोलंल!"

त्यावर ते कसेबसे तयार झाले. दुसऱ्या दिवशी गुरव स्वतः कागद घेऊन आमच्यासोबत कचेरीत आले. पेशकारानं "देवळाचे कागद हितं चालत न्हाईत" म्हणून ते परत सारले. मी मागं हटले नाही, साहेबांना भेटल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. अखेर तहसीलदारांनी आत बोलावलं. त्यांनी सह्या एकेक करून ताडून पाहिल्या आणि गुरवांना विचारलं, "दरसाल लिहितात?"

"कागद झाल्याबिगर देव जागचा हालत न्हाय, साहेब."

तहसीलदारांनी कागद नीट जुळवून ठेवले. "दोन गावं ज्या कागदावर आपला देव हवाली करतात, तो मी खोटा कसा म्हणू?" असं म्हणून त्यांनी दाखल्याचा हुकूम दिला. तो लिहून काढावा लागला त्याच पेशकाराला.

ती पेटी नेमकी त्याच सकाळी का उपसली गेली, हे मी कुणाला समजावायला जात नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून ट्रंक भरणं, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मी त्याच्या दारात जाऊन हक्कानं भांडले आणि त्यानं दाखवलं ते उचललं. त्याचे उपकार मात्र मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या साली देव नळदुर्गला निघाला, तेव्हा करार लिहायला नेहमीप्रमाणे हेच बसले. मी भंडारा घेऊन जवळ उभी होते. शेवटची ओळ लिहून त्यांनी कागद गुरवांच्या हाती दिला. मग गुरवांनी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मूळ गाव नव्हतं, 'हल्ली मुक्काम' नव्हतं. नावापुढं फक्त 'राहणार अणदूर' एवढंच होतं.