आनंदाबाई आणि टेपवरचं हळदीचं गाणं

आंजी गावातल्या कुठल्याही लग्नात हळदीची गाणी आनंदाबाईच धरायच्या. त्यांना बोलावणं लागत नसे. मांडवाचे खांब उभे राहिले की शेतातून परस्पर तिकडेच जायच्या. पण छप्पन साली त्यांना ताप आला, घसा सुजला, आणि तब्येत सुधारली तरी आवाज परतला नाही. उरला तो घोगरा, मध्येच तुटणारा. तेव्हापासून त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. कोणी विचारलं तर कापूस वेचायचा राहिला म्हणायच्या.

दोन वर्षांनी घसा दाखवायला त्या वर्ध्याला भाच्याकडे उतरल्या. या भाच्याचं, रूपरावाचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून, तो नीट चालतो का ते पाहायला त्यानं घरी आणला होता आणि त्यात बायकोचं, कौशल्येचं, हळदीचं गाणं भरलं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, सखूचं, लग्न तोंडावर आलं होतं. गाणी कौशल्येलाच धरायची होती.

रिळं फिरू लागली. ऐकायला जमलेल्या शेजारच्या बायका माना डोलवत होत्या. "रेडिओच जसा!" एकजण म्हणाली. आनंदाबाई मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. आपलं गाणं त्या दुसरीच्या तोंडून ऐकत होत्या.

"कसं झालं, आत्याबाई?" कौशल्येनं विचारलं. "खरं सांगजा."

"गळा गोड हाये तुया. शब्दही सारे बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "पण तू एकटीच गाऊन राह्यली."

"मशीनपुढं एकटीच होती न मी!"

"तसं नाई, बाई. हे गाणं एकीनं टाकायचं अन् बाकीच्याईनं झेलायचं. तू एक ओळ संपत नाई तं दुसरी धरते. बायाईनं तोंड कवा उघडाव? ओळीच्या शेवटी थांब. शेवटचा शब्द गिळू नको, लांबव. त्याले धरूनच त्या उचलतीन."

कौशल्येचा चेहरा उतरला. "मंग हे पुसून टाकू?"

"पुसते काऊन? पुन्हा म्हन. ह्या बसल्या हायेत न झेलाले."

रूपरावानं दुसरं रीळ चढवलं. पहिल्या कडव्यात कौशल्या पुन्हा घाईला आली. आनंदाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओळ संपली तसा दाबून धरला. कौशल्या थांबली. बायकांनी तीच ओळ उचलून म्हटली. पुढच्या कडव्याला हाताची गरज पडली नाही.

गाणं परत लावलं तेव्हा आनंदाबाई एकदम पुढं सरकल्या. "हा घोगरा आवाज कोनाचा?"

"तुमचाच, आत्याबाई. तिसऱ्या कडव्यापासून तुमीही झेलून राह्यल्या. मांगून तो आवाज आला म्हनून तं मले थांबाचा धीर आला."

आपण कधी गायला लागलो ते त्यांना कळलंच नव्हतं. "रूपा, अजून एक डाव लाव," त्या म्हणाल्या. चार जणींच्या आवाजात तो तुटका आवाज खाली भक्कम बसला होता, तुटला तिथं बाकीच्यांनी सांभाळला होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि चहा मागितला.

सखूच्या हळदीला कौशल्येनं गाणं टाकलं, आणि तिच्या पाठीमागं बसून सगळ्यांच्या आधी ते झेललं आनंदाबाईंनी. पुढच्या लग्नसराईपासून आंजीतल्या पोरीही त्यांच्या ओसरीवर गाणी म्हणून दाखवायला येऊ लागल्या. आनंदाबाई पूर्ण ऐकून घ्यायच्या. काय जमलं ते आधी सांगायच्या, मग काय राहिलं ते, आणि लगेच म्हणायच्या, "हं, आता पुन्हा."