नव्या मशीनमधली जुनी ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले — त्या बाबांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुमचं-माझं काही देणंघेणं नाही म्हणून असेल. आणि एक आधीच सांगून ठेवते — मी रडत-बिडत नाहीये. यातला बराचसा भाग आठवला की मला अजून बरं वाटतं.

पनवेलला आमचं ऑफिस आहे. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांचं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. ट्रक गेटवर आला, त्याचा नंबर टाकला, स्क्रीनवर हिरवं आलं की फाटक उघडायचं. हिरवं यायला उशीर झाला की मागे रांग लागते, आणि ड्रायव्हर लोक हॉर्नवर जो हात ठेवतात तो उचलत नाहीत. हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं, तो सांभाळणारी मी. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या टीमचा प्रमुख होता केदार — डोंबिवलीचा, हुशार, बोलायला फर्डा.

आमच्याकडे एक शिस्त होती. जो प्रोग्राम लिहितो, त्याच्या हातात चालू मशीन द्यायचं नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे. केदारला काही बदल हवा असला की तो यादी पाठवायचा, मी ते काम करायचे आणि प्रत्येक ओळीपुढे टिक करून यादी परत द्यायचे. टिक दिसली म्हणजे काम झालं. कुणी कुणाचं परत तपासत नसे. विश्वास म्हणा, आळस म्हणा.

आता माझा केदारवर राग कशाचा ते सांगते. थांबा — नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्याच बाजूने व्हाल.

एकदा मी डबा विसरले. बाबा आमच्या कोन गावातल्या घरून स्कूटरवर तो द्यायला आले. तरुणपण मिठागरात गेलेला माणूस, पायाला भेगा, आणि ऑफिसच्या काचेच्या दाराबाहेर चपला काढून आत आलेले. रिसेप्शनवर मोठ्याने म्हणाले, "आमची वर्षा हितं हाय ना? मी तिचा बाबा. डबा इसरली ती." केदार तिथेच होता. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. हेही खरं आहे. मी इतकी वर्षं हा भाग गाळून ती गोष्ट स्वतःला सांगत होते.

आणि त्याच दुपारी मीटिंगमध्ये — सर्व्हर अडकला होता, सगळे वैतागलेले — हाच केदार बाबांचा आवाज काढून म्हणाला, "सर्व्हर हाय, पन चालत नाय!" भेगाळ पायांचा माणूस उभा राहतो तसा कंबरेवर हात ठेवून. सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी मी मनात म्हटलं, बेट्या, तुझी जिरवल्याशिवाय राहायची नाही.

संधी चालून आली. सर्व्हर वरचेवर अडकत होता, तेव्हा केदारने साहेबांच्या मागे लागून नवीन मशीन मागवलं. चांगलं दणकट, जुन्याच्या कितीतरी पट मेमरीचं. साहेब कुरकुरत होते. केदारने सगळ्यांसमोर शब्द दिला — हे मशीन आलं की गेटवर एक ट्रक थांबणार नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. झेंडूचा हार, नारळ, आणि कुंकू मी लावलं — माझ्या या बोटाने. दसऱ्याला ते चालू करायचं होतं. प्रोग्राम सुरू करणारी फाईल मी जुन्या मशीनवरून नव्यावर आणली. त्या फाईलमध्ये एक ओळ असते: जावा या भाषेत लिहिलेल्या आमच्या प्रोग्रामने जास्तीत जास्त किती मेमरी वापरायची. ओळ जुनीच राहिली होती, जुन्या लहान मशीनच्या मापाची. म्हणजे काय झालं? चार मजली घर बांधलं, आणि माणसाला सांगितलं की बाबा रे, तू आपला त्या माळ्यावरच्या खोलीत राहा. ती खोली भरली की प्रोग्राम सगळं काम थांबवून आधी केर, म्हणजे वापरून झालेली माहिती, काढत बसतो. केर काढून होतो न होतो तोच खोली पुन्हा भरते. तेवढा वेळ गेटवर हिरवं येत नाही.

ओळ चुकून राहिली हे खरं. पण ती मला दिसली. अगदी स्पष्ट दिसली, कुंकवाचं बोट अजून लाल होतं. केदारच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं — मेमरीची मर्यादा नव्या मशीनप्रमाणे वाढवली का?

मी टिक केली.

एवढंच? नाही हो. एवढंच असतं तर मी घाईगडबडीवर ढकललं असतं. पुढचे कित्येक दिवस केदार माझ्या टेबलाशी येत होता. गेटवर रांग तशीच, यार्डवाल्यांचे फोन, साहेबांचा पारा चढलेला. तो विचारायचा, मेमरीचं नक्की केलंस ना? मी म्हणायचे, टिक आहे की. मग त्याने केराची नोंद मागितली — प्रोग्राम किती वेळ केर काढतो ते त्यात दिसतं. ती दिसली असती तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी सांगितलं, नोंद सुरू करायला मशीन बंद करून परत चालू करावं लागेल, आणि ट्रक उभे असताना ते मी करणार नाही. यार्डाला सुट्टी नसते, त्यामुळे ट्रक कायमच उभे. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं! जबाबदार बाई, म्हणाले साहेब.

तो बिचारा स्वतःच्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला. चांगलं लिहिलेलं पुन्हा लिहिलं, त्यात खरीखुरी नवी चूक करून ठेवली. त्याची दाढी वाढली. जेवायला उठेना. मला वाईट वाटलं का? खरं सांगू — मी डबा चवीने खात होते.

शेवटी मीटिंग झाली. साहेबांनी त्याला उभं-आडवं घेतलं. एवढं मोठं मशीन घ्यायला लावलंस, उपयोग काय? केदार मान खाली घालून बसलेला. आणि मी — इतके महिने जपून ठेवलेलं वाक्य — त्याच चालीवर म्हटलं, "सर्व्हर हाय, पन चालत नाय."

त्याने वर पाहिलं. मला वाटलं, आता याला कळणार. पण तो कसनुसं हसला, तेवढंच. ते वाक्य कुणाचं, कधीचं, त्याला आठवतच नव्हतं. मी महिनोन् महिने उराशी धरलेलं त्याने त्याच दिवशी चहाच्या कपाबरोबर ठेवून दिलं होतं.

महिनाअखेर त्याला राजीनामा द्यायला लावला. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता — हे मला माहीत होतं, तिच्यासाठी आणलेल्या भेटीत माझीही वर्गणी होती. तो गेला, त्यानंतरच्या सोमवारी मी यार्डवाल्यांना फोन करून दहा मिनिटं मागून घेतली. मिळाली. ती तेव्हाही मिळाली असती. ओळ बदलली, मशीन परत चालू केलं. गेटवर हिरवं पटापट यायला लागलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मला केदारची खुर्ची दिली, आणि बाबांनी कोनमध्ये घरोघरी पेढे वाटले.

बाबा अजून मधूनच विचारतात. "तो केदार साहेब कसा हाय गं? भला माणूस व्हता. मना खुर्ची दिलीन बसाया." मी म्हणते, बरा आहे. तो कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी शोधलेलं नाही.

आता राहिलेलं सांगते. मघाशी म्हटलं ना, मीटिंगमध्ये सगळे हसले? केदारने नक्कल केली तेव्हा क्षणभर कुणीच हसलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी हसले. सगळ्यांत आधी मी. त्यानंतर बाकीचे.

आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, आता ऑफिसात नवीन नियम झालाय, बाहेरच्यांनी वर यायचं नाही. असा काही नियम नव्हता. केदार गेला, त्याची खुर्ची माझी झाली, तरी मी तो नियम उठवलेला नाही. डबा विसरला की बाबा येतात आणि खाली वॉचमनजवळ थांबतात.