आळेफाट्यापर्यंतचं तिकीट

आमच्या अण्णांनी आम्हा भावंडांवर कधी हात उचलला नाही. ही गोष्ट ते स्वतः चारचौघांत सांगायचे आणि ती खरीही होती. राजुरीत आमच्या आळीतली कितीतरी पोरं पाठीवर वळ घेऊन शाळेत यायची. आमच्या अंगावर ओरखडा नव्हता. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं, आपलं घर चांगलं.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती बोलताना अडखळायची. 'र' आणि 'ज' तिला फार जड जायचे. पहिलं अक्षर अडकलं की तिची मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे आणि शब्द सुटेपर्यंत ती तशीच राहायची. घरी कुणी आलं, चहा झाला, की अण्णा तिला ओट्यावर हाक मारायचे.

"पावणं, हिला गावाचं नाव विचारा."

पाहुणा विचारायचा. ती सुरू करायची, "रा... रा... रा..."

"इंजिन थंड हाय आमचं," अण्णा म्हणायचे. "हँडल मारल्याबिगर चालू व्हत न्हाई. मार रं हँडल!"

हे शेवटचं मला असायचं. विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू करताना माणूस जसा वाकून हँडल फिरवतो, तसा मी तिच्यापुढे वाकून हवेत हात फिरवायचो आणि तोंडानं तिचाच आवाज काढायचो. लोक पोट धरून हसायचे. आई आतून "पुरं आता" म्हणायची, पण तिच्याही आवाजात हसू असायचं. अण्णा माझ्या पाठीवर थाप मारायचे. एरवी ते मला जवळ घेत नसत, म्हणून त्या थापेची मी वाट बघायचो. शिवाय मनात एक भीतीही होती, की मी हसवायचं थांबवलं तर ओट्यावर उभं राहायची पाळी माझी येईल. पण ही सबब पुरत नाही. आरशासमोर उभं राहून तिची मान कशी वळते याचा मी सराव करायचो. ते करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दहावीला ती चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जुन्नरला कॉलेजात जाऊ लागली. रोज एसटीनं जायची, यायची. संध्याकाळी मात्र घरी यायला तिला फार उशीर व्हायचा. अण्णा चिडायचे. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

एकदा मी मोटरसायकलवरून आळेफाट्याहून परत येताना ती रस्त्याच्या कडेनं चालताना दिसली. पाठीला दप्तर, चपला धुळीनं माखलेल्या. मी गाडी थांबवली.

"एसटी चुकली का गं?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग दप्तरातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं. आळेफाट्यापर्यंतचं होतं. मला लगेच कळलं. कंडक्टरसमोर तिला 'राजुरी' म्हणता येत नव्हतं. मागं माणसं उभी, कंडक्टर घाईत. 'आळेफाटा' तिच्या तोंडून नीट निघायचं. म्हणून ती रोज फाट्यावर उतरून तिथून गावापर्यंत चालत येत होती.

"घ... घरी नको सांगू, दादा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. आणि त्याच संध्याकाळी, ओट्यावर अण्णांचे दोन मित्र बसलेले असताना, मी ते सांगितलं. रंगवून सांगितलं. कंडक्टरही केला, तीही केली. ती आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच बंद झाला, तो मला ऐकू आला होता. तरी मी शेवटपर्यंत सांगितलं.

सगळे हसले. मग अण्णा हसायचे थांबले आणि म्हणाले, "गावाचं नाव घेता येत न्हाई तर कालेज कशाला करायचं?"

पुढच्या सोमवारपासून ती गेली नाही. वर्षभरात निरगुडसरचं स्थळ आलं. बघायच्या कार्यक्रमात अण्णांनी "पोरगी लाजाळू हाय" असं सांगून तिला बोलूच दिलं नाही. नशिबानं माणूस भला निघाला.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. दशक्रियेला घाटावर मोठी गर्दी होती. भाषणं झाली. मीही माइक घेतला आणि म्हणालो, "अण्णांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही. कधी एका शब्दानंही दुखावलं नाही."

बहीण समोर बायकांत बसली होती. तिनं मान वर केली नाही. सगळं आटोपल्यावर तिची मुलगी माझ्याजवळ आली. कॉलेजात शिकते, शांत पोरगी.

"मामा, तुम्ही खोटं का बोललात?"

"काय खोटं?"

"आईनं मला सगळं सांगितलंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

महिनाभर मी टाळलं. मग एका दुपारी निरगुडसरला गेलो. बहीण अंगणात मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि बोलू लागलो. चुकलं म्हणालो. लहान होतो म्हणालो. अण्णांचा धाक होता, कुणाला कळत नव्हतं, असं बरंच काही. मध्ये तिनं तोंड उघडलं, "म... म... मला..." आणि मी तिचं वाक्य पुरं केलं, "माहीत आहे, तुला वाईट वाटलं असणार."

तिनं हात वर केला.

"थांब. म... माफी मागायला आलास आणि अजून तूच बोलतोयस."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की उठून जावंसं वाटलं. पण बसलो. मग ती बोलली. एकेका शब्दाला वेळ लागत होता आणि मी तो पुरा करत नव्हतो. आम्हा दोघांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल. ती म्हणाली, फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. दुकानात बोट दाखवून वस्तू घेते. मुलीच्या शाळेत पालकसभेला एकदाही गेली नाही.

"अण्णांचं न्हाई येवढं वाटत," ती म्हणाली. "ते नुसते ह... हसायचे. आवाज तुझा असायचा. मी आजही तोंड उघडलं की आधी तुझी न... नक्कल ऐकू येते, मग माझा आवाज."

तिनं चहा केला. तो पिऊन मी निघालो.

त्या दिवाळीला ती माहेरी आली नाही. भाऊबीजेला बायको-मुलाला घेऊन मीच गेलो. तिनं पाट मांडला, ओवाळलं. माझ्या बायकोनं वाटेत मला विचारलं होतं, झालं का तुमचं नीट? मी म्हणालो होतो, माहीत नाही. ते खरं होतं. बहिणीला विचारायचा मला धीर झाला नाही आणि तिनंही आपण होऊन काही सांगितलं नाही. जेवताना तिनं माझ्या मुलाला शाळेतलं काहीतरी विचारलं. प्रश्नाला वेळ लागला. तो पोळी हातात धरून थांबला आणि प्रश्न पुरा झाल्यावर त्यानं उत्तर दिलं. मी पानात बघत बसलो.