अत्तर समजून पुढे केलेला हात

हॉटेलात काम करणारी एक मुलगी आमच्या रांगेत आली आणि हातातल्या डब्यातून फवारा मारायला लागली.

हॉटेलचा थंड हॉल होता. पुढच्या खुर्च्यांवर कंपनीचे साहेब आणि शहरातले मोठे व्यापारी. मागे आम्ही, पेठेतले गवळी. सगळे सकाळची धार आटपून, अंघोळ करून, इस्त्रीचे लेंगे घालून आलेले. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लग्नाकार्याची टोपी घातली होती. पुढच्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि त्या मुलीला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. ती गेली आणि खोलीत मारायच्या सेंटचा डबा घेऊन आली.

आप्पांना वाटलं, अत्तर.

आमच्यात लग्नात पावण्यांच्या हातावर अत्तर लावतात. आप्पांनी हसून उजवा हात पालथा करून पुढे धरला. शेजारच्यांनी बघितलं, त्यांनीही धरले. अख्ख्या रांगेचे पालथे हात. धारा काढून भेगाळलेले, पण स्वच्छ धुतलेले.

मुलगी गोंधळली. तिने आप्पांच्या हातावर थोडं मारलं. पुढच्या खुर्च्यांवर हसू फुटलं. आप्पांनी हात नाकाशी नेला, वास घेतला आणि मान डोलावली. छान आहे, अशी.

त्या रांगेत फक्त मला कळलं होतं. मी कॉलेजात जाते. आमच्या घरातली पहिलीच. असले डबे कशासाठी असतात ते मला तिथेच कळलं. पहिल्या वर्षी माझ्या बाकावरच्या मुलीने दप्तर उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसली. भांडली नाही, काही बोलली नाही. तेव्हापासून मी कॉलेजचे कपडे गोठ्यापासून लांब, आत्याच्या घरी ठेवते.

त्या दिवशी मी नुसती बघायला गेले नव्हते. मला स्टेजवर बोलायचं होतं.

आमच्या तालमीमागे मोकळं मैदान आहे. तिथेच आमचा दूधकट्टा. सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाईक ग्लास धरून समोर थांबणार, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. फेसाळ, कोमट दूध. पैलवान येतात, रिक्षावाले येतात, पहाटे फिरायला निघालेले वकीलसुद्धा येतात. मैदान आमच्या नावावर नाही. ज्यांचं होतं त्यांनी ते कंपनीला दिलं. कंपनीला तिथे मॉल बांधायचा आहे. पण आमच्या पिढ्या तिथे उभ्या राहिल्या, म्हणून आधी गवळ्यांची संमती आणा, असं कंपनीला वरून सांगितलेलं.

मग कंपनीचा माणूस गल्लीत आला. शिकलेलं कोण आहे, असं विचारलं. लोकांनी माझं घर दाखवलं. त्याने मला एक कागद दिला, 'स्थानिक तरुणाईचं मनोगत'. तेवढं स्टेजवर वाचायचं. पदवी झाली की मॉलच्या चौकशी काउंटरवर नोकरी नक्की, असं तो आप्पांसमोर बोलला. आई त्या दिवशी साऱ्या गल्लीला सांगून आली.

खरं सांगते, मी खूश होते. मॉल वाईटच असतो असं मला आजही वाटत नाही. गल्लीतल्या पोरी कामासाठी पुण्याला जातात. घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी कुणाला नको असते? मी तो कागद गोठ्यात उभी राहून पाठ केला होता.

पण ते हात बघितले आणि मी तो कागद घडी करून मुठीत धरला.

पडद्यावर चित्रं सुरू झाली. काचेची इमारत, सरकते जिने, कारंजं. मग 'स्थानिक समाजाचे फायदे'. सुरक्षारक्षक, साफसफाई, पार्किंग. मग 'कोल्हापूरचा वारसा', आणि पडद्यावर आमची म्हैस, चंद्री. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून आम्ही तिला मिरवतो, तेव्हाचा फोटो. गवळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा शेजारच्याला म्हणाले, "आमची हाय की ती."

पुढच्या चित्रात फूड कोर्ट होतं. मधोमध फायबरची म्हैस. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे आणि बाजूच्या यंत्रातून बाटलीबंद दूध घ्यायचं. दूध दुसऱ्याच कंपनीचं.

माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. मला भाषणाची सवय नाही. कॉलेजात साधा प्रश्न विचारायलाही माझा हात वर जात नाही.

मी म्हणाले, "हे मी वाचणार न्हाय."

माईक फार जवळ होता. माझाच आवाज मला मोठा वाटला.

"मगाशी माझ्या वडलांनी हात पुढं केला. तुम्ही हसलासा. त्यास्नी अत्तर वाटलं. तुम्ही पावणं म्हणून बोलावलं, म्हणून वाटलं."

आप्पांकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी साहेबांना विचारलं, या चित्रात आमचा कट्टा कुठे आहे. ते समजुतीने हसले. "बाळ, तुझ्या भावना कळतात मला. पण लोक जेवत असतील तिथं खरी म्हैस कशी आणणार? तो वास..."

तिथेच थांबले. शब्द मात्र बाहेर पडला होता.

"मग संमती न्हाय," मी म्हणाले.

मागून माझे चुलते, तात्या, उठले. "खाली उतर. तुला कुणी इचारलं गं? चार बुकं शिकली म्हणजे आमची पुढारी झाली व्हय?" त्यांच्या मुलाला पार्किंगचं काम कबूल झालेलं होतं. त्यांचंही मला चुकीचं वाटत नाही. पण मी ते बोलल्याशिवाय उतरले नसते.

जेवणाआधी संमतीच्या कागदावर सह्या झाल्या. पुष्कळ गवळ्यांनी केल्या. तात्यांनी सगळ्यात आधी. आप्पा जेवले नाहीत आणि सहीही केली नाही. घराजवळ आल्यावर गाडी थांबवून एवढंच म्हणाले, "चारचौघांत माझा हात कशाला दाखवलास?"

हसलेल्यांना सुनवायच्या नादात मी आप्पांना दुसऱ्यांदा उघडं पाडलं होतं. पण गप्प बसले असते, तर त्या हसण्याला माझीही संमती झाली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा उठले नाहीत. अंगात कणकण आहे, म्हणाले. खरं तर कट्ट्यावर तात्यांसमोर जायचं त्यांना नको होतं. आई म्हणाली, राहू दे, दूध डेरीला घालू.

आमच्यात गोठा बायकांचा. शेणघाण, वैरण, पेंड सगळं बायकांनी करायचं. कट्टा पुरुषांचा. तिथे बाई कधी धारेला बसत नाही.

मी चंद्रीचं दावं सोडलं.

कट्ट्यावर सगळे बघत राहिले. एकजण म्हणाला, "आता पोरी धारा काढणार व्हय?" तात्यांनी तोंड फिरवलं. मी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला, कास धुतली, बसले. तिने बराच वेळ पान्हा सोडला नाही. मी उठले नाही. मग धार लागली. एक म्हातारे पैलवान ग्लास घेऊन पुढे आले. एका दमात प्यायले, ग्लास परत पुढे केला आणि म्हणाले, "अजून घाल."

तेव्हापासून रोज जाते. तिथूनच कॉलेजला जाते, त्याच कपड्यांत. आत्याकडचे कपडे घरी आणले. ज्याला दप्तर उचलायचंय त्याने उचलावं.

नोकरी गेली. तात्यांचं आणि आमचं बोलणं बंद आहे. सह्या केलेले गवळी एकेक करून कट्ट्यावर यायचे थांबलेत. कंपनीला तेच हवंय. जागा रिकामी दिसली की ती त्यांची.

मी ती रिकामी दिसू देणार नाही. मोजणीवाले येतील त्या सकाळी मैदानात आमची म्हैस उभी असेल. त्यांना फीत तिच्या पायांतून न्यावी लागेल, आणि तिचं दावं माझ्या हातात असेल.