तात्यांचं राहिलेलं सोनं

निपाणीहून कोल्हापूरची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या कमरेला, सदऱ्याच्या आत, एक रिकामा कसा (कमरेला बांधायची कापडी पिशवी) होता. बायकोने तो जुन्या पातळाचा, चांगला दुहेरी शिवून दिला होता. रिकामी पिशवी इतक्या जिवापाड जपणारा उतारू त्या गाडीने आजवर पाहिला नसेल. मी तिच्यावरचा हात काढीना, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलंच, "पोट दुखतंय काय मास्तर?"

झालं होतं असं. आमच्या गावचा शंकर लालबागला एका गिरणीत आहे. रजेवर आला असताना आमच्या ओसरीवर बसून त्याने निरोप सांगितला, "गणूकाकानं सांगून धाडलंय, तात्यांचं सोनं माझ्यापाशी ऱ्हायलंय, दसऱ्याला पोराला लावून द्या." तात्या म्हणजे माझे वडील. ते यंदाच्या पावसाळ्यात गेले. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत होते, गणूकाकांबरोबर एका खोलीत राहायचे आणि एकाएकी गिरणी सोडून गावी आले, एवढंच मला माहीत. पुढे त्यांच्या तोंडून गणूकाकांचं नाव कधी निघालं नाही.

शाळेत शेवटच्या तासाला मी पोरांना खजिन्याच्या गोष्टी सांगतो. थोड्याफार लिहितोही. सोन्यासाठी वाळवंट तुडवणारी माणसं, सरहद्दीपलीकडची विसरलेली खाण, सांगाड्याच्या उशाशी पुरलेला हंडा. असल्या माणसाच्या कानावर 'सोनं' हा शब्द पडल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर राहील कसं? तात्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेलं, मित्राकडे ठेवायला दिलेलं सोनं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बायकोने तर पाटल्यांचा घाटसुद्धा ठरवून टाकला. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जा. दसऱ्याच्या आत पोच."

तात्या गेले तेव्हाही गणूकाकांनी 'एकदा येऊन जा' म्हणून शंकरबरोबर कळवलं होतं. तेव्हा मला शाळेतून सवड नव्हती. या खेपेला सवड ताबडतोब मिळाली.

पुण्याला गाडी बदलून खंडेनवमीच्या सकाळी दादरला उतरलो. स्टेशनाबाहेर झेंडूचे ढीग लागले होते. ठाण्याकडच्या रानातल्या बायका आपट्याच्या जुड्या मांडून "सोनं घ्या, सोनं!" म्हणून ओरडत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो. खरं सोनं आणायला निघालेल्या माणसाला पाल्याचं काय कौतुक! एवढं ढळढळीत समोर असून मला उमगलं नाही, ही गोष्ट आज लिहितानाही कानशिलं तापतात.

गणूकाका राहायचे ते लालबाग वाटेवरच होतं, पण मी आधी ट्रामने पुढे गिरगावाकडे गेलो. काकांनी सोनं हातात ठेवलं तर त्याचा कस पारखून देणारा कुणी सोनार आधीच हेरून ठेवावा, हा माझा विचार. म्हणजे वडिलांच्या मित्राचं तोंड पाहण्याआधीच मी त्याच्यावर अविश्वास दाखवून मोकळा झालो होतो. सोनारांच्या गल्लीत एक नवराबायको गटाराशी उकिडवे बसून कुंच्याने माती गोळा करत होते. ते झारेकरी (सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे). इतकी वर्षं कागदावर मी सोनं शोधणारी माणसं रंगवली, प्रत्यक्षात ती मला गटाराच्या काठी भेटली. मी खाली वाकून बघत राहिलो, तशी बाई म्हणाली, "काय हरवलं काय तुमचं?"

"हरवलं नाही. सापडायचंय," मी म्हणालो.

"मग बाजूला व्हा. पायाखालची माती आमची हाय."

मी निमूट बाजूला झालो. सोनाराने नंतर दोन शब्दांत वाटेला लावलं. "माल आणा, मग बोलू."

संध्याकाळी लालबागला पोचलो. खंडेनवमी म्हणून गिरण्यांत यंत्रांना हार घातले होते आणि कामगार कपाळाला कुंकू लावूनच बाहेर पडत होते. चाळीच्या भिंतीवर खडूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी निपाणीचा, एवढं समजायचा अवकाश, गॅलरीत माणसं जमली. आपलं गाव म्हैसूर राज्यात घातल्यापासून त्याला इकडे केवढा मान चढला आहे, हे तिथे राहून आपल्याला कळत नाही. मला खुर्ची दिली. बाकीचे उभे.

"मास्तर, शाळेत मराठी शिकवू देतात ना?" एकाने विचारलं.

"घाबरायचं नाय. आम्ही हाय इथं," दुसरा म्हणाला.

"एवढ्या लांबून सणाला आलात, लय बरं वाटलं."

मी माना डोलावत राहिलो. सीमेवरचा लढवय्या म्हणून ते माझ्याकडे बघत होते आणि माझं लक्ष गणूकाकांच्या खोलीतल्या खाटेखालच्या कुलूपबंद ट्रंकेकडे लागलं होतं.

गणूकाका सुकलेले, उंच, मालवणकडचे. "इलंस? (आलास?)" म्हणाले आणि बराच वेळ माझा हात सोडेनात. काकींनी वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं (नारळाच्या वाटपाची आमटी) केलं होतं. "जेव रे, लाजू नको," म्हणत त्या वाढत होत्या आणि प्रत्येक वड्याबरोबर त्यांच्या हातातली पिवळी पाटली माझ्या ताटावर येत होती. माझ्या मनात आलं, ही आमच्या तात्यांच्या सोन्याची तर नव्हे? त्यांचंच अन्न तोंडात असताना हे मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी मोरीशी बसल्या होत्या. तांब्या, समई आणि ती पाटली, सगळं एकाच चिंचेने घासत होत्या. पाटली पितळेची होती. मी तोंड धुवायचं निमित्त करून गॅलरीत निघून गेलो.

दसऱ्याची पूजा झाली. काकांनी धुतलेलं धोतर नेसून मला पाटावर बसवलं. दारात शेजारी होते. काकांनी देवापुढचं आपट्याचं एक पान उचललं, डोळ्यांना लावलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवलं. मी रीतीप्रमाणे पाया पडलो, पान खिशात टाकलं आणि थोडा वेळ वाट बघितली. मग न राहवून बोलून गेलो.

"काका, आणि ते... तात्यांचं सोनं?"

"ताच तर दिलंय तुका (तेच तर दिलं तुला)," काका म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं देव जाणे. मला काही ठाऊक नसावं असं समजून काकांनी सांगायला घेतलं. "संप होता रे. सगळे भायर. तुजो बाप शेवटी शेवटी मागच्या गेटानं कामावर गेला. मी बोलणं टाकलं. दसऱ्याला सोनं घेऊन ह्याच दारात आला. मी घेतलं, पण परत दिलं नाय. हात मागं ठेवून उभा ऱ्हायलो. तो वाट बघून गेला, तो गेलाच. गिरणीपण सोडली." ते थांबले. "आत गेला ती त्याची चूक, मी आजपण तसंच बोलेन. पण दसऱ्याचं सोनं घेऊन परत द्यायचं नाय, ह्यां माजां पाप. आता तरी फिटलां, काय रे?"

माझ्याने 'हो' म्हणवेना. माझ्या प्रश्नाचा अर्थ कुणाकुणाला लागला असेल, या विचाराने मला घाम फुटला. तेवढ्यात काकी पुढे झाल्या.

"अरे, एक पान कसां पुरात (पुरेल)? घरच्यांसाठी पण मागताहा तो! बघा, पिशवीपण आणल्यान." पाया पडताना सदरा वर सरकून कसा बाहेर आला होता.

काकी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना समजलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

मग साऱ्या गॅलरीने माझा कसा भरला. जो तो सोनं घेऊन येई आणि मी ऐन तिशीतला माणूस पाटावरून उठून कसा पुढे धरी. समोरच्या खोलीतल्या वहिनींचा दीर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात गेला होता. त्या पान टाकताना म्हणाल्या, "आमच्या घरचं पण सीमेवर जाऊ दे." त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

परतीच्या वाटेवर, निपाणीच्या अलीकडे, नव्या हद्दीवर नाक्याच्या शिपायाने बस थांबवली. माझा फुगलेला कसा पाहून तो उघडायला लावला. आत पाला. तो कानडी शिपाई मोठ्याने हसला, "बंगार! (सोनं!)" आणि मी दिलेलं पान डोळ्यांना लावून त्याने खिशात ठेवलं. खजिना घेऊन सरहद्द ओलांडणारी इतकी माणसं मी लिहिली, पण असं सीमोल्लंघन मला कधी सुचलं नव्हतं.

घरी बायकोने कसा उघडला, आत हात घातला आणि ती स्वयंपाकघरात गेली. आई ओसरीवर होती. खिशातलं काकांचं पान मी तिच्या हातावर ठेवलं.

"गणूनं आपल्या हातानं दिलं?" तिने विचारलं.

"हो."

तिने ते पान कपाळाला लावलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता. "मला ठावं हुतं, कसलं सोनं ते."

"मग आधी सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"पाला आणायचाय म्हणून सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर गेला असतास?"

ती उठली आणि पान घेऊन तात्यांच्या तसबिरीकडे गेली. तिच्यामागोमाग जायची मला लाज वाटली.