पणजी एकच असते

माझी नात नर्स आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिवी लोकांची बेटं आहेत, तिथल्या दवाखान्यात नोकरी करून ती परत आली आणि तेव्हापासून मला तिचा संशय येतो.

हल्ली ती कुणालाही काहीही देते. मी तिच्यासाठी केलेला चिवडा तिने शेजारच्या फ्लॅटमध्ये पोचवला. शेजाऱ्यांकडून साधं थँक्यूही आलं नाही. मी कुरकुरले तर म्हणते, "आजी, तिकडे कुणी कासव धरून आणलं की नात्यात ज्याचा त्याचा वाटा असतो. स्वतःचा वाटा घेताना थँक्यू कोण म्हणेल?"

"आणि माझ्या चिवड्यात शेजाऱ्यांचा वाटा कधी ठरला?"

यावर ती नुसती हसली. असं हसणं मला आवडत नाही.

पुढे तिला मुलगी झाली. आता तिची रजा संपत आली होती आणि बाळ माझ्याकडे राहणार हे मी धरूनच चालले होते. लंडनला वेम्बलीतल्या माझ्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये पाळणा कुठे ठेवायचा तेही ठरलं होतं. रविवारी नात आली आणि चहाला हातही न लावता म्हणाली, "तू आणि धाकटी आजी, दोघी मिळून सांभाळा. बाळ दोघींना पणजी म्हणेल."

धाकटी आजी म्हणजे माझी सख्खी बहीण. जवळच हॅरोला राहते.

"पणजी एकच असते," मी म्हटलं.

"चार असतात, आजी."

"बाकीच्या वेम्बलीत नाहीत. ही आयडिया कुणाची? तिची ना?"

"तिवी लोकांची! तिकडे आईच्या बहिणीला पण आईच म्हणतात. यू आर सो सस्पिशस!"

तिवी लोकांशी माझं काही वाकडं नाही. पण इतक्या लांब बसून त्यांनी नेमकं माझ्या बहिणीच्या फायद्याचं बोलावं?

हा वाद मी एकदा जिंकलेला होता. तरुणपणी मी मँचेस्टरला हॉस्पिटलात रात्रपाळी करायची. धाकटी लग्नाआधी आमच्याकडे राहायची आणि माझी मुलगी तिच्याच कडेवर असायची. एक दिवस मुलीने तिला 'आई' म्हटलं. झालं! आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, तेव्हा नुकतेच केस कुरळे करून घेतले होते आणि तोंडात एकच शब्द होता, प्रायव्हसी. घरी येणाऱ्याने आधी फोन करावा. कुणाचा डबा आला तर रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, ही आपली रीत. बाईसाहेब डबा घासूनपुसून कोरडा ठणठणीत परत करायच्या.

तर बाईसाहेबांनी मुलीला आरशापुढे उभं केलं. "ही आई. ती मावशी." पोर हुशार. तेव्हापासून मला आई म्हणायची आणि भूक लागली की मावशीकडे जायची. माय मरो आणि मावशी उरो म्हणतात. इथे माय धडधाकट होती, तरी उरली मावशीच. मग बाईसाहेबांनी मूल सांभाळायला एक पगारी चाइल्डमाइंडर ठेवली. तिला मुलगी मिठी मारायची, पण नावाने हाक मारायची. ते म्हणे मॉडर्न.

परवा नात बाळाला माझ्याकडे ठेवून गेली. बाळ रडून रडून लाल झालेलं, तेवढ्यात बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं.

"ताई, उघड. भिंगाआड उभी आहेस, कळतंय मला."

"फोन का नाही केलास?"

"केला असता तर घरी नाही म्हणाली असतीस."

खरं होतं ते. तिने थालीपिठांचा डबा माझ्या हातात दिला, बाळाला घेतलं, आणि ते लबाड तिचं नाक धरून गप्प झालं.

"नातीला तिवी लोकांचं तूच शिकवलंस ना?"

"कुठल्या लोकांचं?" तिने विचारलं. नाटक करत असेल तर उत्तम करत होती.

मग बाळाला घेऊन ती माझ्या पॅसेजमधल्या आरशापुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ती पणजी. मी मावशी."

हे मला टोचायला होतं, की इतकी वर्षं खरंच तिने ते तसंच धरून ठेवलं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"चुकीचं शिकवू नकोस पोरीला," मी म्हटलं. "दोघी पणज्याच. पण थोरली मी."

ती निघाली तेव्हा मी तिचा डबा घासला, पुसला, आणि आत फ्लॅटची जादा चावी टाकून झाकण घट्ट लावलं. तिने डबा कानाशी हलवला.

"ताई, साखर कधी वाजते का?"

"घरी जाऊन उघड."

तिचा काय भरवसा! समोर उघडला असता तर थँक्यू म्हणाली असती.