बापाच्या आवाजाच्या फायली

श्रावणच्या घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी गुंजनने त्याचा आवाज भरून घेतला होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घसा खाल्लाय, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले तशी ती आंधळगावला आली आणि बापासमोर बसून त्याच्याकडून एकेक वाक्य बोलवून घेत गेली. "पानी आन." "दुखून राहिलं." "ढोरं सोड." पुढे मोबाइलवरच्या चौकोनावर बोट ठेवलं की त्याचाच आवाज बोलणार होता.

आता घशाला भोक घेऊन श्रावण घरी आला होता, आणि मोबाइल मुका होता.

"लॅपटॉपवर तं बोलते," उषाबाई लेकीला म्हणाली, "मंग मोबाइलमंदी काहून नाही वो? बांधावर का लॅपटॉप डोक्यावर घेऊन जातीन तुये बाबा?"

गुंजनला कारण कळत होतं, उपाय सापडत नव्हता. तिने लिहिलेला जावास्क्रिप्टचा प्रोग्राम दोन्हीकडे तोच. लॅपटॉपवर तो आवाजाची फाईल सरळ उचलायचा. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्याला शेजारची फाईल वाचायची मुभाच नव्हती. मोबाइलसाठी बदललं की लॅपटॉपवर बिघडायचं. तोवर श्रावण भिंतीकडे तोंड करून पडलेला. पेजेची वाटी सरकवून द्यायचा.

शेवटी तिने वेगळ्या फायली ठेवल्याच नाहीत. सगळे आवाज अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक ओळींत बदलून प्रोग्रामच्याच पानाच्या पोटात भरले. दोन्हीकडे वाजले.

श्रावण उठून बसला. काहीतरी शोधत असल्यासारखा एकेक चौकोन दाबत गेला. एकावर थांबला.

"गुंजनची माय, इकडं ये वो."

उषाबाई चुलीपासून धावत आली. त्याने मान हलवली. पुन्हा तोच चौकोन.

"आली ना जी! काय पाह्यजे?"

त्याने तिला हाताने बाजूला केलं आणि गुंजनकडे बोट दाखवलं.

गुंजनला कळलं, त्याला तिचं नाव हवं होतं. भरून घेताना ती सारा वेळ समोरच होती. तिला हाक मारायची वेळच आली नव्हती. आणि आता भरायला आवाज नव्हता.

तिने ते वाक्य उघडलं, आपल्या नावानंतरचं सगळं कापलं. कोणी मध्येच गळा धरावा तसं नाव तुटलं.

"गुंजन—"

श्रावणने परत दाबलं. मग परत. ती समोरच बसली होती, पण तिच्या तोंडून ओ निघेना.